वायूचे कुळ आणि वय

१९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’ने खणलेल्या विहिरीला तेल लागले. तेलाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याच्या संगतीने आलेल्या वायूचे कुळ कोणते आणि वय काय, हा प्रश्नही तितकाच रंजक आहे, श्रोतेहो.

दिसायला मिथेन सारा सारखाच. १७७६ साली इटलीत व्होल्टाने सरोवराकाठचा चिखल ढवळून बाटलीत धरला तो मिथेन, आणि आपल्या गोबरगॅसच्या टाकीत काही आठवड्यांत तयार होतो तोही मिथेनच. मग पाताळातला वायू जिवाणूंनी केला की उष्णतेने, हे ओळखावे कसे?

१९३४ मध्ये आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने खनिज तेलात हरितद्रव्याचे वंशज शोधले, आणि तेल हे जीवसृष्टीचेच शेष होय याला भक्कम पुरावा मिळाला. १९५३ मध्ये हार्मन क्रेगने निसर्गातील नाना पदार्थांत हलक्या व जड कार्बनचे प्रमाण मोजून दाखविले. वायूची कुंडली मांडता येऊ लागली ती या मापनामुळे. जिवाणू हलका कार्बन वेचून घेतात, म्हणून त्यांचा वायू हलका. खोल गाळ शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापला की मोठे रेणू तुटतात; हा वायू त्या मानाने जड, आणि त्याच्यासोबत इथेन, प्रोपेन हे भाऊबंद असतात. आच वाढेल तसा कार्बन आणखी जड होतो, भाऊबंद घटतात. हीच परिपक्वता. आंबा आढीत पिकावा तसे. फक्त ही आढी लक्षावधी वर्षांची.

आता घरचा प्रश्न. पूर्णेच्या खोऱ्यात एवढा गाळ, मग खाली वायू का नसावा? मुंबईच्या समुद्राखालीही आपलाच काळा पाषाण आहे. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा थिजल्यावर तेथे समुद्राचा गाळ साचत, दबत, तापत गेला. पूर्णेचा गाळ भूशास्त्राच्या हिशेबाने काल-परवाचा. त्याला आच लागलीच नाही. खारपाणपट्ट्यातील विहिरींतून पूर्वी मीठ काढीत, तेवढेच.

पाषाणाखालचे जुने गाळखडक ही गोष्ट निराळी. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला ते उघडे पडलेले दिसतात. म्हणून कूपनलिकेत बुडबुडे दिसले तर लगेच जमिनीचे भाव वाढवू नयेत. आधी तो वायू बाटलीत धरून प्रयोगशाळेत न्यावा. चिखलाचा आहे की पाताळाचा, हे त्याचा कार्बनच सांगेल.