लहान ध्वनिक्षेपण संच

माइक व वाद्यांचा आवाज मिक्सरमध्ये एकत्र करून स्पीकरवाटे श्रोत्यांपर्यंत पोचवणारी जोडणी. देवळाच्या सभामंडपात बसलेल्या भजनी मंडळाला आठ चॅनलांचा मिक्सर आणि दोन स्पीकर सहसा पुरतात.

बुवांना एक माइक, पेटीला एक, पखवाजाला दोन. कणकेची बाजू घुमते, शाईची कडकडते. एकाच माइकवर भागवले तर दोहोंपैकी एक हरवते. टाळांना वेगळा माइक कशाला? ते आपणहून सगळ्या माइकांत शिरतात.

माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये एकच संकेत दोन तारांतून उलटसुलट जातो, त्यामुळे वाटेत शिरलेली गुणगुण मिक्सरपाशी वजा होते. कीबोर्डच्या साध्या जॅक केबलला ही सोय नाही, म्हणून अंतर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स बसवतात. कंडेन्सर माइकला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. १९६६ पासून मंचावर टिकून असलेल्या शुअर एसएम५८सारख्या डायनॅमिक माइकला लागत नाही.

स्पीकर माइकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. मागे ठेवला की त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते आणि बुवांची नजर मिक्सरवाल्याकडे वळते.

सुरू करताना मिक्सर आधी, अँप्लिफायर शेवटी. बंद करताना उलट. क्रम चुकला तर स्पीकरमधून ‘धप्प’ असा दणका येतो, कधी कॉइलही जळते.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. मोजक्या सणांच्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.