सिमियनच्या कड्यावरचे शेवटचे वारस

१/ इथिओपियाच्या उत्तरेस सिमियन पर्वत आहे. तेथे ३,००० मीटरहून अधिक उंचीवर जेलाडा नावाचा वानर दिवसभर बसून गवत खुडतो आणि रात्री कड्याच्या कपारींत झोपतो. नरवानर गणातील आज हयात असलेला, मुख्यतः गवतावर जगणारा हा एकमेव प्राणी. जर्मन निसर्गअभ्यासक एडुआर्ड र्‍यूपेल यांनी १८३५ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण केले.

२/ जेलाडाचा वंश थेरोपिथेकस. एके काळी त्याचा विस्तार दक्षिण आफ्रिकेपासून अल्जीरियापर्यंत होता. केनियातील ओलोर्गेसायली येथे या वंशातील एका मोठ्या वानराची हाडे आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडींसोबत सापडली. पुढे सखल प्रदेशांतील सर्व जाती नामशेष झाल्या. उरला तो इथिओपियाच्या पठारावरील जेलाडा.

३/ हा आश्रय मात्र सुखाचा नाही. या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश. रात्री गोठवणाऱ्या, आणि अन्न म्हणजे चिवट गवत. गवतातील सेल्युलोज फोडणारे विकर कोणताही सस्तन प्राणी स्वतः तयार करत नाही. ते काम पोटातील जिवाणूंचे. गाईला त्यासाठी कप्प्यांचे जठर आहे. जेलाडाचे जठर साधे. त्याचे गवत आंबते ते मोठ्या आतड्यात.

४/ हे जिवाणू ओळखणे दीर्घकाळ अवघड होते. आतड्यातील अनेक जिवाणू प्राणवायूच्या संपर्कात येताच मरतात, त्यामुळे प्रयोगशाळेतील बशीत ते वाढेनात. १९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून सूक्ष्मजीवांची वंशावळ मांडली. त्या मार्गाने पुढे जिवाणू न वाढवताही ओळखता येऊ लागले. प्राण्याला हात न लावता, केवळ विष्ठेच्या नमुन्यावरून त्याच्या आतड्यातील वस्ती वाचता येऊ लागली.

५/ सिमियनमधील जेलाडांच्या विष्ठेचा असा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात हिरवे गवत असताना सेल्युलोज पचवणारे जिवाणू वरचढ ठरतात. कोरड्या महिन्यांत जेलाडा जमीन उकरून मुळे आणि कंद खातात. तेव्हा पिष्ट फोडणाऱ्या जिवाणूंचे प्राबल्य होते. थंडी आणि कोरडेपणा एकत्र आले की ऊर्जा, अमिनो आम्ले व मेद यांच्या चयापचयाशी निगडित जिवाणूंची जनुके वाढतात. उपासमार आणि गारठा एकाच वेळी सोसताना यजमानाला त्यामुळे अधिक ऊर्जा मिळत असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

६/ २०२२ मध्ये जेलाडाच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये वेगळेपण आढळले, पण प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद काही वाढलेली नव्हती. छातीचा घेर मात्र मोठा दिसला. त्यामुळे फुप्फुसांना अधिक जागा मिळत असावी. असे शारीरिक बदल घडायला असंख्य पिढ्या जातात. जिवाणूंची वस्ती एका ऋतूत पालटते. विरळ हवेचा प्रश्न शरीराने सावकाश हाताळला, तर दर वर्षी बदलणाऱ्या अन्नाचा प्रश्न जिवाणूंनी.

७/ या लवचिकतेलाही मर्यादा आहे. सिमियन राष्ट्रीय उद्यान १९७८ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, शेती आणि चराईच्या रेट्याने १९९६ मध्ये संकटग्रस्त यादीत गेले आणि २०१७ मध्ये त्या यादीतून बाहेर आले. गवत बदलले तर आतड्यातील जिवाणूही बदलतील. पण कुरणच नांगरले गेले तर त्यांना पचवायला काही उरत नाही. सखल प्रदेशातील भाऊबंद संपल्यावर हा वंश डोंगरमाथ्यावर टिकला. तेथून आणखी वर सरकायला फारशी जागा नाही.