बाभळीवरची शिंगं

तर झालं असं, की रविवारी आंबिवली स्टेशनवर उतरून नदीच्या बाजूला भटकत होतो. एका बाभळीच्या काट्याभोवती मुंग्या घुटमळत होत्या. काट्यावर मुंग्यांचं काय काम? बोट जवळ नेलं, तर काटा टुणकन उडाला! :-)

दाण्याएवढा तपकिरी किडा. शेतातल्या तुडतुड्यांचा नातेवाईक. सोंड खुपसून झाडाचा रस पितो, जास्तीचा गोडवा बाहेर टाकतो, आणि त्या गोडव्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. डोक्यामागे दोन शिंगं आणि पाठीवरून मागे गेलेला एक लांब काटा.

घरी येऊन शोधलं. बाभळीवर नेहमी सापडतो तो ऑक्सिऱ्हॅकिस टॅरँडस. हे नाव लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९८ साली दिलेलं. टॅरँडस म्हणजे रेनडिअर! त्याआधी १७७५ साली याच्याच एका भाऊबंदाला त्याने टॉरस, म्हणजे बैल म्हटलं होतं. पुढे डिस्टंट नावाच्या इंग्रजाने आपल्याकडच्या या किड्यांची जंत्री केली, ती १९०८ मध्ये ग्रंथरूपाने आली. हा गृहस्थ चामड्याच्या कारखान्यात नोकरी करत किड्यांकडे वळलेला. वीकेंडवाल्या आपल्यासारख्यांना तेवढाच धीर.

नाव मिळालं, पण शिंगं आली कुठून? २०११ साली काही शास्त्रज्ञांनी सांगितलं, की ही पंखांची तिसरी जोडीच आहे. किड्यांना पंखांच्या दोनच जोड्या असतात, त्यामुळे खळबळ माजली. वर्षभरातच दुसऱ्यांनी ते खोडलं: हा पंख नाही, छातीच्या पहिल्या भागाची पाठीवरची ढालच वाढली आहे. २०१९ मध्ये तिसरी गोष्ट कळली. ढाल ढालच, पण ती घडवताना पंखांच्या जनुकांचा संच वापरलेला. थोडक्यात, जुना कोड रीयूज!

आणि ती कशासाठी? काट्याचं सोंग, हे जुनं उत्तर. २०२५ साली आणखी एक आलं. उडणाऱ्या गांधीलमाशीच्या अंगावर स्थिर वीज साठते, आणि अशी टोकदार शिंगं असली की ती वीज जाणवायला मदत होते. प्रयोग परदेशातल्या जातीवर झाला. आपल्या बाभळीवरच्याला अजून कुणीतरी विचारायला हवं.

नाव दिल्यापासून सव्वादोनशे वर्षं हा प्रश्न चालू आहे. आणि आपण बाभूळ दिसली की म्हणतो, रान माजलंय, तोडा. असो. निदान तोडण्याआधी एकदा काटे मोजून बघा. एखादा उडेल.