हंगाम सरलेल्या बंदुका

चंडीगढचा इतिहास सांगू लागले की तो ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यापासून सुरू होतो. त्या आराखड्याआधी येथे गावे होती, शेते होती, शिवालिकच्या पायथ्याची झुडुपे आणि पावसाळी ओढे होते. आणि झुडुपे व ओढे असतील तेथे तित्तिर, लावे आणि त्यांच्या मागावर निघणारे शिकारीही असत. या परिसरातील जुन्या जमीनदार आणि लष्करी घराण्यांत आजोबांची दुनळी बंदूक अजून जपलेली आढळते. ती कशासाठी जपायची, हा प्रश्न मात्र नवा आहे.

ही बंदूक बहुधा बारा बोअरची असते. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतला एक जिच्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर; व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी नळ्या लोखंड आणि पोलाद एकत्र पिळून, त्या पट्ट्या गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून घडवलेल्या असत. त्यांवर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी उमटे. या ‘दमास्कस’ नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. पुढे बिनधुराची, अधिक जोरकस दारू आली आणि ही देखणी नळी धोक्याची ठरली. म्हणून जुनी बंदूक हाती घेणारा जाणता कारागीर नक्षीकडे नंतर पाहतो. आतून गंजाचे खड्डे किती खोल गेले आहेत, नळीला पोचे आले आहेत काय, मागचा सांधा हलतो काय, हे तो आधी तपासतो. अक्रोडाचा दस्ता जवसाच्या तेलाने पुन्हा उजळतो. झिजलेली नळी कोणत्याही तेलाने भरून येत नाही. (अशा बंदुकांत घालायची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही बनत आली आहेत, हे मराठी वाचकाला ठाऊक असेलच असे नाही.)

ही सारी डागडुजी दिवाळीच्या सुमारास उरकायची असे, कारण थंडीबरोबर हिमालय ओलांडून बदके उतरत. हंगाम ही केवळ निसर्गाची गोष्ट नव्हती. १८८७ च्या आणि १९१२ च्या कायद्यांनी वर्षातला काही काळ शिकारीला बंद ठेवण्याची सोय केली होती. बंदीचा काळ होता म्हणून उरलेल्याला हंगाम म्हणायचे. पण हंगामात किती मारायचे, याला धरबंध नव्हता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यात एका दिवसात ४,२७३ पाखरे पाडली गेली. तो आकडा तेथे शिळेवर कोरून ठेवला आहे. ज्यांनी कोरला त्यांना तो अभिमानाचा वाटला होता. वाचणाऱ्याला आज तो तसा वाटत नाही.

१९५८ साली सुखना चो या ओढ्यावर बांध घालून चंडीगढचे तळे झाले. तळे माणसाने केलेले. बदकांना त्याचे काय! ती आली, आणि येत राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्यावर लहान शिकारीला थोडी वाट ठेवली होती; १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. १९९८ मध्ये तळ्यामागचे रान अभयारण्य ठरले. गंमत अशी, की चंडीगढ ज्या दोन राज्यांची राजधानी आहे, त्यांपैकी पंजाबचा राज्यपक्षी बाज, म्हणजे स्वतःच शिकारी. आणि हरियाणाचा काळा तित्तिर, म्हणजे शिकाऱ्यांचे जुने लक्ष्य.

हंगाम गेला, बंदुका राहिल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजली जातात. त्यामुळे कित्येक घरांत कोणती द्यायची, हा वाद पेटला असणार: चालणारी, की आजोबांची? नेमबाजीच्या मैदानावर मातीच्या तबकड्यांनी पाखरांची जागा केव्हाच घेतली होती. पतियाळा घराण्यातील रणधीर सिंग यांनी १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ट्रॅप प्रकारात सुवर्णपदक मिळवले ते तबकड्यांवरच. दमास्कस नळीच्या वाट्याला तबकडीही येत नाही. निवडणूक जाहीर झाली की अनेकदा तिने ठाण्यात जमा व्हायचे आणि निकालानंतर घरी परतायचे, एवढाच तिचा प्रवास उरला आहे.