जुन्या मोटारीचे दिवे मंद का होतात?

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर आजही दिसतात. रात्रीच्या प्रवासात मात्र त्यांच्या हेडलाइटचा उजेड अपुरा पडतो. अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब बसविण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा बल्बमध्ये नसून त्याच्यापर्यंत वीज पोहोचविणाऱ्या वायरिंगमध्ये असतो.

जुन्या रचनेत हेडलाइटचा संपूर्ण विद्युतप्रवाह डॅशबोर्डवरील स्विच आणि डिपरमधून जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. वाटेतील प्रत्येक गंजलेला जोड आणि झिजलेला स्विच थोडे व्होल्टेज खातो. बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो.

दोष कसा ओळखावा?

* एकच दिवा मंद असल्यास त्या दिव्याचे अर्थिंग आणि होल्डर तपासावा.
* इंजिनाचा वेग वाढविताच दोन्ही दिवे एकदम उजळत असल्यास फॅनबेल्ट, डायनॅमो आणि बॅटरी तपासावी. डायनॅमो मंद वेगात कमी वीज देत असल्याने थोडा फरक स्वाभाविक असतो.
* वेग वाढवूनही दोन्ही दिवे मंदच राहिल्यास दिवे सुरू ठेवून मल्टीमीटरने आधी बॅटरीवरील आणि मग बल्बच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. फरक एक व्होल्टहून अधिक असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे.

उपाय

बॅटरीची जोडणी सोडवून सर्व जोड आणि अर्थिंगच्या जागा पॉलिश पेपरने घासून घट्ट कराव्यात. त्यानंतर रिले बसवावा. त्यामुळे दिव्यांना बॅटरीकडून फ्यूजमार्फत थेट वीज मिळते आणि जुन्या स्विचवर केवळ रिले चालविण्यापुरताच भार राहतो. रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर वायरिंग सुधारूनही उजेड वाढणार नाही, तो बदलावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत.

या दुरुस्तीआधी १०० वॅटचे बल्ब लावल्यास प्रवाह जवळपास दुप्पट होतो. जुनी वायर तापून तिचे आवरण वितळते आणि प्रसंगी मोटारीला आग लागू शकते. उजेड सुधारल्यावर दिव्यांचा झोत योग्य उंचीवर लावून घ्यावा, अन्यथा समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.