वृत्तपत्रविद्येची शाळा

जामसंडें हें गांव आंब्यामुळें सर्वांस ठाऊक आहे. तेथील कातळाचे सडे, हापूसच्या बागा आणि शेजारचें देवगड बंदर यांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. परंतु ज्या तालुक्यांत जामसंडें आहे त्याच तालुक्यांतील पोंभुर्ले येथें बाळशास्त्री जांभेकर १८१२ सालीं जन्मले, ही गोष्ट आंब्याच्या गोडींत थोडी मागें पडते. आज विद्यापीठांतून वृत्तपत्रविद्या शिकविली जाते. तिचे वर्ग आहेत, परीक्षा आहेत, पदव्या आहेत. बाळशास्त्र्यांच्या काळीं यांपैकीं कांहींच नव्हतें. मग ही विद्या लोकांस येत तरी कशी असे?

६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' निघालें तेव्हां त्याच्या संपादकाचें वय अवघें विशीचें होतें. एका स्तंभांत इंग्रजी व शेजारीं मराठी अशी त्याची मांडणी असे. आरंभीं तें पाक्षिक होतें. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत साप्ताहिक झालें. पुढें १८३४ सालीं बाळशास्त्री एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापक झाले, म्हणजे शिक्षक आणि संपादक हीं दोन्हीं कामें एकाच माणसाकडे आलीं. या कामीं त्यांचे साहाय्यक जे भाऊ महाजन, त्यांनीं 'दर्पण' १८४० सालीं बंद पडल्यावर दुसऱ्याच वर्षीं 'प्रभाकर' काढलें. लोकहितवादींचीं शतपत्रें पुढें १८४८ पासून याच पत्रांत येऊं लागलीं. भाऊंनीं कोणत्याही वर्गांत हा धडा घेतला नव्हता. दुसऱ्याच्या पत्रास हात लावून मगच आपलें पत्र काढावें, हाच त्या काळचा अभ्यासक्रम.

त्याच १८४८ सालीं एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं साहित्य व शास्त्र यांसाठीं एक सभा स्थापिली, आणि तिची मराठी शाखा 'ज्ञानप्रसारक' हें मासिक १८५० पासून काढूं लागली. सभेंत निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि मग तो छापावा, असा क्रम असे. बातमी येथें नव्हती, परंतु आपलें लिहिणें चारचौघांसमोर तपासून घेण्याची संवय तेथें लागली.

बातमीचा खरा धडा मात्र पुण्यास मिळाला, आणि तो महाग पडला. १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें. पुढच्याच जानेवारींत तेथील शिक्षकांनीं 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू केलीं. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो व त्यांत कारभारी बर्वे यांचें अंग आहे, अशा आशयाचा मजकूर कांहीं पत्रांच्या आधारें या दोन्हीं पत्रांत प्रसिद्ध झाला. बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि ज्या कागदांवर सारा भर होता ते बनावट ठरले. संपादकांनीं माफी मागितली. तरीही १८८२ सालीं आगरकर व टिळक यांस चार महिन्यांची शिक्षा झाली व त्यांपैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. दोघेही तेव्हां सव्वीस वर्षांचे होते. लोकांनीं त्यांचा सत्कार केला, तो योग्यच होता. मात्र त्या सत्काराच्या गजरांत कागदाची पारख हा मुद्दा ऐकूं आला नाहीं, तो आजही नीट ऐकूं येत नाहीं. हेतु शुद्ध असला म्हणून आधार शुद्ध होत नाहीं. हें दोघे बुद्धिमान तरुण तुरुंगांत जाऊन शिकले. विद्यापीठाच्या वर्गांत तेंच स्वस्तांत शिकतां यावें, एवढ्यासाठीं खरें तर हा विषय विद्यापीठांत आणावयाचा.

अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें हें फार लवकर ओळखलें. तेथील वृत्तपत्रविद्यालय वॉल्टर विल्यम्स यांच्या हातून १४ सप्टेंबर १९०८ रोजीं उघडलें, आणि वर्ग भरला त्याच दिवशीं विद्यार्थ्यांनीं वर्तमानपत्राचा पहिला अंक काढला! तें पत्र गांवासाठीं होतें. चूक झाली तर गुण कमी होत, शिवाय दुसऱ्या दिवशीं गांवचा मनुष्य दारांत येऊन उभा राही. आपल्याकडे १९४१ सालीं लाहोरच्या पंजाब विद्यापीठांत हा विषय आला. नागपुरास हिस्लॉप कॉलेजांत अमेरिकन प्राध्यापक रोलंड वुल्झली यांनीं १९५२ सालीं विभाग उभारला, आणि पुणें विद्यापीठाचा विभाग १९६४ सालीं रानडे इन्स्टिट्यूटमध्यें निघाला. या विभागांतून विद्यार्थी प्रायोगिक पत्रें काढतात, मुलाखती घेतात, शुद्धलेखन तपासतात. परंतु हीं पत्रें बहुधा आवारांतच वाचलीं जातात. ज्या अंकावर कोणी रागावत नाहीं तो अंक विद्यार्थ्यास फारसें शिकवीत नाहीं.

पोंभुर्ल्यास आज बाळशास्त्र्यांचें स्मारक आहे, आणि ६ जानेवारी हा पत्रकारदिन म्हणून पाळतात. त्या दिवशीं भाषणें होतात, हारतुरे होतात. त्याऐवजीं एखाद्या विभागानें दहा विद्यार्थी मोसमांत जामसंड्यास पाठवावे. काम साधें आहे : एका बागायतदाराची एक पेटी धरावयाची आणि तिचा माग काढावयाचा. फळें किती डझन, पेंढा व पेटी यांचा खर्च काय, गाडीभाडें किती, वाशीच्या बाजारांत अडत किती कापली गेली, आणि दलालाची पट्टी घरीं आली तेव्हां हातांत काय उरलें? बागायतदार एक आंकडा सांगेल, दलाल दुसरा. दोघांनाही विचारावें, दोन्हीं पट्ट्या समोरासमोर ठेवाव्या, आणि जुळत नसेल तर जुळत नाहीं असें लिहून तो अंक जामसंड्याच्या बाजारांतच विकावयास बसावें.