वादळी हवेत किनाऱ्याने सायकल : कोकण, गोवा, कारवार मार्गावर वारा, रस्ता आणि थांबण्याची वेळ

कोकण किनाऱ्याने लांब पल्ल्याचा सायकल प्रवास करणाऱ्यांचा नेहमीचा मार्ग रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत जातो. हे अंतर साधारण पाचशे किलोमीटर आहे. पुढे तेरेखोलची खाडी ओलांडून गोवा आणि काळी नदीवरून कारवार. बेळगाव, खानापूर, चंदगडकडचे सायकलस्वार बहुधा चोर्ला, आंबोली किंवा तिलारी घाट उतरून मधेच या मार्गाला लागतात. हिवाळ्यात हा प्रवास मजेचा. पण अवकाळी, पावसाळा आणि चक्रीवादळाच्या दिवसांत तोच रस्ता वेगळा वागतो.

वादळं कधी येतात

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत : पावसाळ्याच्या तोंडावर एप्रिल ते जून, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ने कोकण किनाऱ्याला तडाखा दिला. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलं. मे २०२१ मधलं ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातला धडकलं. ते जमिनीवर न येताही गोवा आणि सिंधुदुर्गात झाडं, विजेचे खांब, घरांची छपरं पडली. म्हणजे ‘वादळ आपल्याकडे येणार नाही, बाजूने जाणार’ एवढ्यावर सायकल बाहेर काढू नये.

वाऱ्याचा हिशेब

हवेचा अडथळा वाऱ्याच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १५ किलोमीटरने चाललेल्या सायकलीला समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला, तर अडथळा तिप्पट नव्हे, नऊपट होतो. म्हणून जोरदार वाऱ्यात दिवसाचं अंतर निम्म्यावर आणावं. घड्याळाकडे बघून पाय मारत बसलात तर संध्याकाळी अंधारात, दमलेल्या अवस्थेत घाटात सापडाल.

पावसाळ्यात कोकणात वारा मुख्यतः नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. त्यामुळे गोव्याकडून रायगडाकडे वर येणाऱ्याला तो थोडीफार साथ देतो आणि उलट जाणाऱ्याला छळतो. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. तेव्हा दक्षिणेकडे उतरणं सोपं.

समोरच्या वाऱ्यापेक्षा आडवा वारा जास्त धोक्याचा. खाडीवरचे पूल, उघडे सडे आणि समुद्राला लागून असलेले रस्ते इथे झोत अचानक येतो. मोठी गाडी बाजूने गेली की क्षणभर वारा अडतो आणि ती पुढे सरकताच पुन्हा धक्का बसतो. अशा जागी उतरून सायकल हातात धरून चालावं. ओझं कॅरिअरवर उंच न रचता दोन्ही बाजूंना सारखं आणि खाली बांधावं.

अंदाज कुणाचा बघायचा

हवामान खात्याच्या नकाशात ‘कोकण व गोवा’ हा एकच उपविभाग आहे. कारवार ‘किनारी कर्नाटक’मध्ये आणि बेळगाव ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’मध्ये येतं. सीमाभागातल्या माणसाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. बेळगावात ऊन असलं आणि जिल्ह्याला काही इशारा नसला, तरी घाट उतरल्यावर सिंधुदुर्गाला रेड अलर्ट असू शकतो. निघताना ज्या ज्या जिल्ह्यातून जायचं, त्या प्रत्येकाचा इशारा वेगळा बघावा.

चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’ अशी पावसाची प्रतवारी आहे. ऑरेंज अलर्टला प्रवास पुढे ढकलायची तयारी ठेवा, रेड अलर्टला असाल तिथेच मुक्काम करा. उंच लाटांचा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते, विजेचा अंदाज ‘दामिनी’ ॲपवर मिळतो. आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, मच्छीमारांनी होड्या वर ओढल्या, तर त्यांच्याहून शहाणं होऊ नये.

रस्ता, पूल आणि फेरीबोट

ओल्या जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे होतात. रिमला घासणारे ब्रेक भिजले की उशिरा लागतात. म्हणून उताराच्या आधीच हलके दाबून रिम पुसून घ्यावी. तिलारीसारख्या तीव्र उतारावर भर पावसात सायकलवर बसूच नये.

पूरपाण्यात सायकल घालू नका, खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला ते वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा पूल पुरात वाहून गेला. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूर इथे दरड महामार्गावर आली. त्यानंतर ७ ऑगस्टला कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. डोंगर कापून काढलेल्या रस्त्याखाली पाऊस थांबायची वाट बघत उभं राहू नये.

वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटी खराब हवेत बंद राहू शकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा धक्क्याचा उतारही पाण्याखाली जातो. केरी-तेरेखोल फेरी बंद असेल तर आरोंदा-किरणपाणी पुलाने वळसा पडतो. असा प्रत्येक खाडीचा दुसरा रस्ता आधीच कागदावर लिहून ठेवावा, कारण वादळात मोबाइलचे टॉवर सर्वात आधी जातात.

थांबायचं कधी

वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर लगेच पक्क्या इमारतीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. सायकलचे रबरी टायर विजेपासून वाचवत नाहीत. एकटं झाड, माड किंवा पत्र्याची शेड हा आसरा नव्हे.

चक्रीवादळात वारा एकाएकी पडला आणि आभाळ उघडल्यासारखं वाटलं, तर तो वादळाचा डोळा असू शकतो. काही वेळाने उलट्या दिशेने तेवढाच वारा येतो. प्रशासनाने सांगेपर्यंत आत राहावं.

मोडता प्रवास घरी आणायलाही वाट आहे. कोकण रेल्वे किनाऱ्याला धरूनच धावते आणि सायकल सामानाच्या डब्यात बुक करता येते. मात्र पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं, ते आधी बघावं. तिन्ही राज्यांत आणीबाणीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८ हे नंबर चालतात. रोज संध्याकाळी मुक्कामाचं गाव घरी कळवावं आणि ठरल्या वेळेत फोन आला नाही तर घरच्यांनी काय करायचं, तेही निघण्यापूर्वीच सांगून ठेवावं.